मिसळण्याचे गणित



माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यात फार झाले. रंगखात्यात मी टाकीतला रंग दांड्याने ढवळीत असे. दांडा फिरला की भोवरे उठत व रंग पसरे. त्यामुळे केसाएवढ्या नळीत दोन द्रव मिसळणे महाकठीण असते, हे प्रथम वाचले तेव्हा मला खरेच वाटेना.

१८८३ साली मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून दाखविले की, प्रवाह संथ असला म्हणजे धार रेघेसारखी सरळ जाते; वेग वाढला म्हणजे मोडते. नळी बारीक होईल तसा द्रवाचा चिकटपणा वरचढ ठरतो. मग भोवरा उठतच नाही. दोन द्रव शेजारून जातात, आणि रेणू आपसूक पसरतील तेवढेच मिसळतात. पाण्यातल्या लहान रेणूला मिलिमीटरचा दहावा भाग ओलांडायला पाचदहा सेकंद लागतात. अंतर निम्मे केले तर वेळ चौथाईवर येतो.

तेव्हा थर पातळ करणे हाच उपाय. चिरोटे करणाऱ्या गृहिणींना तो ठाऊक आहेच: घडी घालावी, लाटावे, पुन्हा घडी घालावी. २००२ साली हार्वर्डच्या स्ट्रूक, व्हाइटसाइड्स आदी संशोधकांनी नळीच्या तळाशी माशाच्या काट्यासारखे तिरपे चर कोरून द्रवालाच अशा घड्या पाडल्या. औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरायला असे मिश्रक वापरतात. मिश्रण रेंगाळले तर गोळ्या मोठ्या होतात.

पण चर किती खोल, किती तिरपे असावेत? इथे संगणक येतो. नळीची लाखो घरे पाडून तो प्रवाहाची समीकरणे सोडवितो. एका आराखड्याला तासन्‌तास लागतात; म्हणून मोजके आराखडे सोडवून त्यांवरून अंदाजाचे सूत्र बसवितात, त्यावर हजारो आराखडे चाळतात, आणि निवडलेले पुन्हा नीट सोडवून पाहतात.

ह्यात दोन फसगती आहेत. घरे मोठी ठेवली तर घराघरात सरासरी धरली जाऊन न मिसळलेला द्रवही मिसळलेला दिसतो! म्हणून प्रत्यक्ष प्रयोगाची साक्ष हवीच. दुसरी अधिक खोल आहे. मिश्रण वाढविताना बहुधा दाबही वाढतो. गोल नळीचा व्यास निम्मा करून प्रवाह तेवढाच ठेवायचा तर दाब सोळापट लागतो. म्हणून ‘सर्वोत्तम’ असा एक आराखडा सहसा नसतोच. अशी एक रांग मिळते की, जीत एक गुण वाढविला तर दुसरा घटतो. इटलीच्या पारेटो या अर्थशास्त्रज्ञाचे नाव तिला आहे. रांग यंत्र मांडते. तीतून निवड माणसानेच करायची असते.

आमच्या खात्यात एकदा घड्याळ घेऊन साहेब आले. टाकीमागे मिनिटे वाचली, पद्धत ‘उत्तम’ ठरली. वाफ मात्र दुप्पट झाली, आणि दोन सोबती खोकल्याने अंथरुणाला खिळले. साहेबांची बेरीज बरोबर होती. आमचा श्वास तीत धरलेला नव्हता. पुढल्या बोलण्यात आम्ही बेरीज मोडा म्हटले नाही. वाफही मोजा म्हटले.

संगणकालाही तेच सांगावे लागते. त्याला जे मोजायला दिले नाही, ते तो जपणार नाही.