रोजच्या वापरासाठी झूम लेन्स निवडताना

कमी खर्चात डिजिटल एसएलआर कॅमेरा घ्यायचा तर आज वापरलेलेच अधिक मिळतात. त्यासोबत १८-२०० मिलिमीटरच्या लांब पल्ल्याच्या झूम लेन्सचा मोह अनेकांना होतो. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये रोज टिपावेसे वाटते ते बहुतेक जवळच असते : घरातील वाढदिवस, गल्लीतील गणपती, बाजारातील गर्दी. तेथे उणीव भासते ती मागे सरकण्यास जागेची आणि उजेडाची.

अंबरनाथचे शिवमंदिर याचे उत्तम उदाहरण. इ. स. १०६० च्या या शिलाहारकालीन मंदिराच्या बाह्य भिंतींवरील शिल्पे उन्हात कोणतीही लेन्स टिपते. अंधूक सभामंडपात मात्र कॅमेऱ्यासोबतच्या १८-५५ लेन्सची दमछाक होते. ५५ मिलिमीटरला प्रकाश आत सोडणारे तिचे छिद्र एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही, एफ २.८ ची लेन्स चौपट प्रकाश घेते. १८-२०० देखील याबाबत फारशी उजवी नाही. कंपनरोधक यंत्रणा हाताचा कंप सावरते, धावत्या मुलाला नव्हे!

खिसा बेताचा असेल तर टॅमरॉनची २००६ साली आलेली १७-५० एफ २.८ लेन्स वापरलेली शोधावी. निकॉनसाठीच्या तिच्या आरंभीच्या आवृत्तीत मोटर नाही. डी ३००० वा डी ५००० मालिकेतील कॅमेऱ्यांवर फोकस हातानेच करावा लागतो. पावसाळी दमट हवेत भिंगांना बुरशी धरते. म्हणून पैसे देण्यापूर्वी लेन्समधून विजेरीचा झोत टाकून पाहावा. आत जाळीसारखे तंतू दिसले, तर कितीही स्वस्त असली तरी ती घेऊ नये.