रेलिंगला ऑइल पेंट किती लागेल? मोकळी जागा नको, लोखंड मोजा

दिवाळी जवळ आली की गावोगावी गच्चीचं रेलिंग, गेट, खिडकीच्या जाळ्या रंगवायला निघतात. दुकानातून अंदाजाने चार लिटरचा डबा येतो. त्यातला निम्मा उरतो आणि पुढच्या वर्षी झाकण उघडावं तर वर जाड साय धरलेली असते. रंगातच पैसे गेले म्हणून खालचा रेड ऑक्साईड मात्र टाळला जातो, आणि एक-दोन पावसाळ्यांत गंज वर येतो.

चूक कुठे होते?
30 फूट लांब, 3 फूट उंच रेलिंग घ्या. 30 गुणिले 3 म्हणजे 90, दोन्ही बाजू धरून 180 चौरस फूट, असा हिशेब केला जातो. तो भिंतीला किंवा पत्र्याच्या गेटला ठीक आहे. रेलिंगमध्ये बरीचशी जागा मोकळीच असते.

सुतळी आणि टेप पुरे
पाईपला किंवा सळईला सुतळीचा एक वेढा द्या आणि ती सुतळी टेपवर मोजा. हा झाला घेर. घेर (इंच) गुणिले एकूण लांबी (फूट), त्याला 12 ने भागा. उत्तर चौरस फुटात येतं. घेरात सगळ्या बाजू आल्या, त्यामुळे पुन्हा दुप्पट करायचं नाही.

वरच्याच रेलिंगचा हिशेब असा:
- वरचा-खालचा पाईप: 60 फूट, घेर 5 इंच = 25 चौरस फूट
- उभ्या चौकोनी सळ्या, चार सुती, दर 4 इंचांवर एक: 90 सळ्या, 270 फूट, घेर 2 इंच = 45 चौरस फूट
- एकूण 70 चौरस फूट

आता लिटर काढा
एका लिटरमध्ये एक हात साधारण 100 चौरस फूट बसतो. कंपनीप्रमाणे आकडा कमी-जास्त असतो, डब्यावर बघून घ्या. बारीक सळईवर ब्रशने मारताना रंग खाली सांडतो, म्हणून पाव हिस्सा जादा धरा. 70 चे झाले साधारण 88. रेड ऑक्साईडचा एक हात म्हणजे 1 लिटर. ऑइल पेंटचे दोन हात म्हणजे पावणेदोन, म्हणजे 2 लिटर आणा. 180 चौरस फूट धरले असते तर दोन हातांना साडेतीन लिटरच्या वर रंग निघाला असता, म्हणजे चार लिटरचा डबा आलाच.

हे विसरू नका
सुटलेला रंग आणि गंज तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने काढा. उघडं पडलेलं लोखंड तसंच ठेवू नका, त्याच दिवशी रेड ऑक्साईड मारा. वेल्डिंगचे सांधे आणि सळईचा खालचा भाग नीट भरा, पाणी तिथेच थांबतं. सकाळी दव असेल तर ते वाळल्यावरच काम सुरू करा. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा मारू नका.

नक्षीच्या जाळ्या एकाच मापाच्या असतील तर एकच नीट मोजून बाकीच्यांना गुणा. रंग एक-एक लिटरच्या डब्यात घ्या आणि शेडचा नंबर लिहून ठेवा. कमी पडला तर तोच आणता येतो, आणि न उघडलेला डबा परत घेणार का, हे दुकानदाराला आधीच विचारून ठेवा.