स्त्रियांमधील अनैच्छिक मूत्रस्राव
अनैच्छिक मूत्रस्राव म्हणजे इच्छा नसताना लघवी होणे. खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना ती झाल्यास तो ताणजन्य प्रकार होय. अचानक अनावर वेग येऊन झाल्यास वेगजन्य. पुष्कळदा दोन्ही एकत्र आढळतात. वयोमानाने हे व्हायचेच, अशा समजुतीने व संकोचाने अनेकजणी डॉक्टरांकडे जात नाहीत, पाणी पिणेच कमी करतात. त्याने लघवी गडद होऊन मूत्राशयाचा क्षोभ उलट वाढू शकतो.

बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात. ते बळकट करणारे व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडले. लघवी रोखताना जे स्नायू आवळतात तेच काही सेकंद आवळून सैल सोडायचे. किमान तीन महिने हे रोज करावे लागते. वेगजन्य प्रकारात लघवीच्या वेळांमधील अंतर हळूहळू वाढवतात, औषधेही देतात. ताणजन्य प्रकारात व्यायाम अपुरा पडल्यास शस्त्रक्रियेचा पर्याय असतो.