मायक्रोवेव्हवर एरर कोड आला? आधी प्लग काढा, स्क्रू ड्रायव्हर लांब ठेवा

शहरात नोकरीला असलेल्या मुलानं पाठवलेला, नाहीतर लग्नात भेट आलेला मायक्रोवेव्ह आता गावाकडच्या बऱ्याच स्वयंपाकघरांत दिसतो. पण लाईट गेली, पुन्हा आली आणि पडद्यावर घड्याळाऐवजी 'ई' किंवा 'एफ' अक्षराचा कोड दिसला, की घरात गोंधळ उडतो. कुणी बटणं दाबत सुटतं, कुणी थेट मागचे स्क्रू काढायला बसतं. यातलं दुसरं काम जीवावर बेतू शकतं.

कोड म्हणजे काय?

मायक्रोवेव्हमध्ये एक नियंत्रण कार्ड असतं. बटण अडकलं, सेन्सर बिघडला, दाराचा स्विच नीट लागला नाही, तर ते ओव्हन थांबवतं आणि कारणाचा कोड दाखवतं. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात. सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलवर 'एसई' आला, तर बटणांच्या पट्टीत दोष असल्याचा तो इशारा असतो. हाच नियम दुसऱ्या कंपनीला लावता येत नाही. म्हणून सोबत आलेलं माहितीपुस्तक जपून ठेवावं. ते हरवलं असेल तर मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर लिहून घ्यावा.

पडद्यावरची प्रत्येक खूण बिघाडाची नसते. लाईट येऊन गेल्यावर घड्याळ लुकलुकणं साहजिक आहे. कुलपाचं चिन्ह दिसलं तर लहान मुलांसाठीचं लॉक लागलेलं असतं. ते काढायची पद्धत पुस्तकात दिलेली असते.

घरी काय करावं?

१. ओव्हन बंद करून प्लग काढावा. दहा मिनिटं थांबून पुन्हा लावावा. विजेच्या झटक्यानं कार्ड गोंधळलेलं असेल, तर एवढ्यानं कोड जातो.

२. प्लग काढलेला असतानाच दार आणि त्याची कड ओल्या फडक्यानं पुसावी. कडेला खरकटं अडकलं की दार पूर्ण बसत नाही.

३. बटणांची पट्टी कोरड्या कापडानं पुसावी. पावसाळ्यात दमट हवेनं, चुलीच्या किंवा कुकरच्या वाफेनं बटणं अडकतात. ओव्हन गॅसशेजारी ठेवू नये.

४. सॉकेट बघावं. ओव्हन थेट १६ अँपिअरच्या सॉकेटवर हवा. कन्व्हेक्शन ओव्हन २००० वॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे जवळपास ९ अँपिअर. सहा अँपिअरचं सॉकेट आणि साधा एक्स्टेन्शन बोर्ड एवढा भार झेपवू शकत नाही. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर तो चालवूच नये. अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावं.

५. कोड गेला तर कपभर पाणी ठेवून एक मिनिट चालवावं. पाणी तापलं, ठिणगी किंवा जळका वास आला नाही, तर ओव्हन वापरायला हरकत नाही. रिकामा ओव्हन कधीही चालवू नये.

इथं थांबावं

तोच कोड परत आला, तर दोष आत आहे. मग प्लग काढून मेकॅनिकला बोलवावं. मोटारीचा कपॅसिटर शेतकऱ्याला नवा नाही, पण मायक्रोवेव्हमधला त्याहून घातक असतो. आतला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टची वीज दोन हजार व्होल्टच्या आसपास नेतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ती साठून राहू शकते. व्हिडिओ बघून स्क्रू ड्रायव्हरनं तो 'डिस्चार्ज' करायच्या भानगडीत पडू नये.

स्टार्टर टिकत नाही म्हणून काडी खोचून मोटार चालवायची सवय शिवारात आहे. तसं दाराच्या स्विचला तार जोडून ओव्हन चालवणं म्हणजे दार उघडं असताना मायक्रोवेव्ह लहरी बाहेर सोडणं. त्यानं अंग आणि डोळे भाजू शकतात. दार वाकलेलं असेल, बिजागरी ढिली असेल किंवा काच तडकली असेल, तर कोड नसला तरी ओव्हन वापरू नये.

आत जाळ दिसला तर दार उघडू नये. ओव्हन बंद करून प्लग काढावा. तिथवर हात पोचत नसेल तर मेन स्विच पाडावा. कुणाला शॉक लागला तर त्याला हात न लावता आधी मेन बंद करावा आणि १०८ ला फोन लावावा.

वॉरंटी असेल तर बाहेरच्या माणसाकडून ओव्हन उघडू नये, वॉरंटी जाऊ शकते. कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा नंबर लिहून ठेवावा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. मेकॅनिक बोलवतानाही 'मायक्रोवेव्हचं काम केलंय का?' हे आधी विचारावं. पंखा-मोटार भरणाऱ्या प्रत्येकाला हे काम येतंच असं नाही.