पाच जणांच्या खेळाला चौदा नावं का लागतात? राजोडीच्या वाळूवर फ्रिस्बीचा संघ बांधायचा असेल तर...

राजोडी (ता. वसई) : सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर प्लॅस्टिकची चकती एकमेकांकडे भिरकावणारे पर्यटक आपल्याकडे नवे नाहीत. राजोडी, कळंब, अर्नाळा, कुठंही जा. बघणाऱ्याला तो टाइमपास वाटतो. पण याच चकतीचा नियमांनी बांधलेला सांघिक खेळ आहे, त्याच्या जागतिक स्पर्धा होतात आणि मुलं-मुली एकाच संघात, एकाच वेळी मैदानात उतरतात. खेळाचं नाव अल्टिमेट फ्रिस्बी. मुंबई, पुणे, अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई इथे त्याचे संघ आहेत. वसईच्या पट्ट्यात वाळू आहे, पोरं आहेत, खो-खो आणि कबड्डीत तयार झालेले पाय आहेत. मग अडतं कुठं? बहुतेक वेळा संघाच्या यादीपाशी.

आधी खेळ समजून घेऊ

१९६८ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या मेपलवुड गावी, कोलंबिया हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी हा खेळ सुरू केला. आज जागतिक फ्लाइंग डिस्क महासंघ त्याचे नियम ठरवतो. या महासंघाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१५ मध्ये मान्यता दिली. ऑलिंपिकमध्ये मात्र हा खेळ अजून नाही.

गवतावर एका बाजूला सात खेळाडू असतात, वाळूवर पाच. आपल्याला वाळूचाच विचार करायचा आहे. वाळूवरचं मैदान ७५ मीटर लांब आणि २५ मीटर रुंद, दोन्ही टोकांना १५-१५ मीटरचा गोलपट्टा. आपल्याच खेळाडूने समोरच्या टोकाच्या पट्ट्यात चकती झेलली की एक गुण. ज्याच्या हातात चकती आहे त्याला पळता येत नाही. समोरचा खेळाडू मोठ्याने आकडे मोजतो, मोजणी संपायच्या आत ती फेकावीच लागते. चकती खाली पडली, बाहेर गेली किंवा समोरच्याने झेलली की डाव उलटतो. धक्काबुक्की चालत नाही. आणि पंच नसतो. फाउल खेळाडूच सांगतात, खेळाडूच मान्य करतात. यावर पुढे बोलूच, कारण यादी करताना सगळ्यात जास्त डोकेदुखी तिथंच आहे.

चकती १७५ ग्रॅमची लागते, व्यास साधारण २७ सेंटिमीटर. किनाऱ्यावरच्या टपरीत मिळणारी हलकी चकती समुद्राच्या वाऱ्यात कागदासारखी उडते. तिच्यावर शिकलेला हात नंतर पुन्हा नव्याने शिकवावा लागतो. तेव्हा टी-शर्टच्या आधी चार-पाच चांगल्या चकत्यांसाठी वर्गणी काढावी.

मुलींची नावं 'भरतीला' लिहू नका

नवा संघ हमखास इथं फसतो. मिश्र गटात वाळूवर पाच जणांत कधी तीन मुलं-दोन मुली, तर कधी तीन मुली-दोन मुलं उतरवावी लागतात. महासंघाच्या नियमानुसार पहिल्या गुणाला कुठलं प्रमाण असेल ते नाणेफेकीसारखी चकती उडवून ठरतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गुणाला प्रमाण उलटं होतं, मग दर दोन गुणांनी बदलत राहतं. स्पर्धेगणिक थोडा फरक असू शकतो, पण तत्त्व हेच.

आता हिशेब करा. समजा सामना १३-११ असा सुटला. म्हणजे एकूण २४ गुण खेळले गेले. त्यातले १२ तीन मुलींचे, १२ दोन मुलींचे. म्हणजे मुलींच्या जागा झाल्या ३६ अधिक २४, एकूण ६०. यादीत तीनच मुली असतील तर प्रत्येकीला २४ पैकी २० गुण खेळावं लागेल. तेही वाळूत, उन्हात, आणि स्पर्धेत एका दिवसात एकापेक्षा जास्त सामने असतात. एकीचा पाय मुरगळला तर तीन मुलींचा गुण खेळायला माणूसच उरत नाही. सहा मुली असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला दहा येतात. सात असतील तर आठ-नऊ.

मुलांचा हिशेब अगदी तोच. म्हणून सात अधिक सात, चौदा. खेळाडू बदलायची मुभा एरवी फक्त गुण झाल्यावर असते, मध्येच बदल दुखापतीला. एक फळी खेळते, दुसरी श्वास घेते. कबड्डीत मैदानात सात आणि संघात बारा असतात हे आपल्याला पटतं. इथे पळणं त्याहून लांबचं आहे.

दहा मुलं आणि कशाबशा जमवलेल्या तीन मुली असा संघ म्हणजे कागदावर तेरा, प्रत्यक्षात तीन. संघाची ताकद मुलींच्या संख्येवर मोजली जाते, हे मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरवून यादी करणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावं. आणि मुलगी मैदानात आहे पण तिला चकतीच दिली जात नाही, असंही होतं. तशी मुलगी तिसऱ्या रविवारी येत नाही, आणि तिचं बरोबरच असतं.

मुली मिळवायच्या कुठून? खो-खोच्या संघातून. साखळीत पळताना हूल देणं, एका पावलावर दिशा बदलणं, हे जे खो-खोवालीला येतं तेच इथं 'कटर'ला लागतं. दहावीनंतर शाळेचा संघ सुटतो आणि खेळणं थांबतं, अशा मुली प्रत्येक गावात आहेत. त्यांना विचारायला त्यांच्या घरी जावं लागेल. सरावाची वेळ किती ते किती, परत सोडायला कोण, कपडे बदलायची सोय काय, स्पर्धेला बाहेरगावी गेल्यास सोबत कोण मोठी बाई असेल, या चार प्रश्नांची उत्तरं तयार ठेवूनच आईवडिलांसमोर बसावं. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाचं, मुलगा असो की मुलगी, पालकांचं संमतिपत्र लेखी घ्यावं.

कोण काय करणार?

वाळूवरच्या पाचांत साधारण दोन 'हँडलर' आणि तीन 'कटर' असतात. हँडलर म्हणजे फेकणारे, डाव जुळवणारे. कटर म्हणजे पळून जागा काढणारे, झेलणारे.

चांगला कटर दोन महिन्यांत घडतो, पाय आधीच तयार असतात. सीमारेषेवर उंच झेल घेणारा क्रिकेटवाला चकतीचा अंदाज लवकर बांधतो, फक्त चकती चेंडूसारखी सरळ खाली येत नाही, तरंगते, हे त्याला आठवडाभर चकवतं. व्हॉलीबॉलवाल्यांना उडी आणि हवेतला हात दोन्ही असतात.

हँडलर मात्र सावकाश तयार होतो. त्याला दोन्ही बाजूंनी फेकता आलं पाहिजे. आडव्या हाताचा बॅकहँड सगळ्यांना जमतो. दोन बोटांत चकती धरून मनगटाच्या झटक्याने टाकायचा फोरहँड शिकायला वेळ लागतो. त्यात आपल्या किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो. वाऱ्याविरुद्ध फेकलेली चकती वर चढते आणि जागीच थांबते, वाऱ्याबरोबर फेकलेली लवकर बसते. म्हणून चौदांत किमान पाच जणांना पहिल्या दिवसापासून फेकण्यावरच लावावं, आणि त्यात दोन तरी मुली असाव्यात. तीन मुली मैदानात आहेत आणि एकीलाही फेकता येत नाही, तर समोरचा संघ दोन मुलांना बांधून टाकतो. संपला डाव.

नावं नव्हे, हजेरी

यादी करायची सगळ्यात चुकीची पद्धत म्हणजे 'कोण कोण येतंय?' असा मेसेज टाकून अंगठे मोजणं. अंगठे पंचवीस येतात, किनाऱ्यावर नऊ जण असतात.

राजोडी परिसरात कुणाचा वेळ कधी मोकळा असतो ते बघा. मुंबईत नोकरीला जाणारा विरार लोकलने रात्री घरी पोचतो, त्याला फक्त रविवार. फुलशेतीवाल्या घरातल्या पोराची पहाट खुडणीत जाते. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातला गडी हंगामात बोटीवर असतो. १ जूनला मासेमारी बंद होते तेव्हा त्याला वेळ मिळतो, पण तेव्हा समुद्र खवळलेला आणि किनाऱ्यावर खेळणं धोक्याचं. पावसाळ्यात सराव गावातल्या मैदानावर न्यावाच लागतो. दहावी-बारावीवाले फेब्रुवारी-मार्चमध्ये नाहीत. नाताळ, गणपती, होळीला निम्मा संघ पाहुण्यांत.

त्यात भरती-ओहोटी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा तोंडी हिशेब आहे, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावस्येला ती अकरा-बाराच्या दरम्यान, म्हणून पहाटे पाच-सहाला पूर्ण ओहोटी. त्या रविवारी सकाळी साडेसहाला ओली, घट्ट वाळू मिळते, पळायला उत्तम. पुढच्या रविवारी तिथी सातने सरकलेली असते, म्हणजे त्याच वेळी पाणी वर. तेव्हा उधाण नसतं म्हणून कोरडी वाळू उरते, पण ती भुसभुशीत, पोटऱ्या भरून येतात. तेव्हा महिन्याचं वेळापत्रक दिनदर्शिका समोर ठेवून आधीच लावावं आणि ते सगळ्यांना द्यावं. सकाळी नऊनंतर सुट्टीच्या दिवशी पर्यटकांची गर्दीही वाढते.

मग यादी कशी करायची? सहा रविवार सगळ्यांना खुलं ठेवा. वहीत हजेरी मांडा. कोण आलं, किती वाजता आलं, सराव संपेपर्यंत थांबलं का. सहापैकी चार वेळा आलेल्यांतूनच चौदा निवडा. अंगात कौशल्य आहे पण येत नाही, असा खेळाडू संघाला महाग पडतो. बाकीच्यांना हाकलू नका, सरावाला येऊ द्या. नोकरी, लग्न, दुखापत यांमुळे वर्षभरात नावं गळतातच, तेव्हा हेच लोक उपयोगी पडतात. स्पर्धेत मात्र नोंदणीची तारीख उलटल्यावर नाव बदलता येईलच असं नसतं. नियमपत्रिका आधी वाचावी.

सगळे मित्र एकाच आळीतले असतील तर संघ लवकर जमतो, पण एका आळीत लग्न निघालं की संघच रद्द. दोन-तीन गावांतून माणसं घेतलेली बरी.

भांडखोर खेळाडूचं काय करायचं?

आपल्याकडच्या टेनिस बॉल स्पर्धांत पंचाशी हुज्जत घालून निर्णय फिरवणारा खेळाडू हिरो असतो. इथे तो अडचण आहे. पंचच नाही म्हटल्यावर हुज्जत कुणाशी घालणार? फाउल सांगितला आणि समोरच्याला मान्य नसेल, तर थोडक्यात बोलायचं, नाही पटलं तर साधारणपणे चकती फेकणाऱ्याकडे परत आणि खेळ पुढे.

सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांना खेळभावनेचे गुण देतात. नियमांची माहिती, अंगाला लागणं, निष्पक्षपणा, वागणूक, संवाद या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते चार. सगळ्यांत दोन-दोन मिळाले, एकूण दहा, तर सामना नीट झाला असं समजतात. त्यासाठी प्रत्येक संघाला कर्णधाराशिवाय एक 'स्पिरिट कॅप्टन' लागतो. हे पद दुय्यम समजून कुणाच्याही गळ्यात घालू नये. ज्याला नियम पाठ आहेत, ज्याचा आवाज चढत नाही आणि ज्याचं संघातली मोठी पोरं ऐकतात, तोच किंवा तीच. निवडीच्या सहा रविवारांत एक गोष्ट वहीत मांडून ठेवा : स्वतःच्या चुकीने फाउल झाला तेव्हा कोण न विचारता 'माझा' म्हणालं. अशी तीन-चार माणसं यादीत असली की बाकीचे हळूहळू सुधारतात. एकही नसेल तर पहिल्याच स्पर्धेत संघ फुटतो.

पहिला सामना कुठं?

संघ जमल्याबरोबर स्पर्धेत उतरायची घाई नको. 'हॅट' नावाचा स्पर्धेचा एक प्रकार असतो. त्यात खेळाडू एकेकट्याने नाव देतात आणि आयोजक सगळ्यांना मिसळून संघ करतात. पूर्वी टोपीतून चिठ्ठ्या काढत, म्हणून हे नाव. आपले तीन-चार जण, त्यात मुली असाव्यात, अशा स्पर्धेत पाठवा. दोन दिवसांत अनुभवी खेळाडूंबरोबर खेळून ते जे शिकून येतात ते मोबाइलवरच्या व्हिडिओतून येत नाही. परत आल्यावर तेच बाकीच्यांना शिकवतात.

चेन्नईत हा खेळ असाच किनाऱ्यावर वाढला. तिथल्या चकीज नावाच्या संघावर '१७५ ग्रॅम्स' हा छोटा माहितीपटही निघाला आहे. वेगवेगळ्या थरांतली मुलं-मुली एका चकतीमागे कशी पळतात ते त्यात दिसतं. घरच्यांना खेळ काय आहे ते समजवायला तो दाखवता येईल.

खर्चाचं म्हणाल तर वाळूवर बुटांची गरज नसते, बरेच जण अनवाणी खेळतात. त्यामुळे सरावाआधी काचा आणि गळाचे आकडे वेचून मैदान साफ करणं हे रोजचं काम, आणि तेही पाळीने यादीतल्या सगळ्यांचं. टी-शर्ट दोन रंगांचे लागतात, एक फिका, एक गडद, मागे नंबर. खेळाडूंना बोलावताना क्रीडा कोट्यातली नोकरी किंवा वाढीव गुण मिळतील असं कुणी सांगू नये. ते आश्वासन या खेळाच्या नावावर देता येण्यासारखं नाही, आणि त्यासाठी आलेला मुलगा सहा महिन्यांत निघून जातो, जाताना दोघांना घेऊन जातो.

सुरुवात करायला चौदा जण जमेपर्यंत थांबायची गरज नाही. सहा जण, एक चकती आणि चार कोपऱ्यांना चार चपला इतक्यावर तीन-तीनचा खेळ लागतो. येत्या अमावस्येच्या जवळचा रविवार बघा, पहाटेची ओहोटी मिळेल.