घराण्यातला रोग की घरातला खर्रा?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं बपेरा म्हणजे महाराष्ट्राचं टोक. बावनथडीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश. या भागात खर्रा म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा, गालात धरायचा. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर डोळ्यांसमोर घोटून मिळतो. आणि तोंडाचा कॅन्सर झालेल्या माणसाला भेटून परतणारी मंडळी वाटेत हमखास म्हणतात, "त्याच्या बापालाही होता. घराण्यातच आहे तो रोग."

बाप खर्रा खात होता, पोरगाही खातो. घराण्यात काय चालत आलं ते शोधायला इथे प्रयोगशाळा कशाला हवी?

गोंधळ एका शब्दाचा आहे. कॅन्सर हा जनुकांचा आजार आहे, हे खरं. पण जनुकांचा म्हणजे आनुवंशिक नव्हे. जन्मतः आईबापाकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होणारे कॅन्सर साधारण शंभरात पाच ते दहा. उरलेल्यांत बिघाड जन्मानंतर होतो, त्या एका अवयवाच्या पेशींमध्ये, आणि तो मुलांकडे जात नाही. खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रातल्या आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या शास्त्रज्ञांनी भारतीय रुग्णांच्या हिरड्या-गालाच्या कॅन्सरमधली जनुकं वाचली आणि 2013 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी नोंदवलेले बिघाड गाठीतल्या पेशींचे होते, वंशातून आलेले नव्हते.

"सुपारीने काय होतं, ती तर पूजेत असते." पूजेतली सुपारी कुणी दिवसभर गालात धरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीला, तंबाखू नसतानाही, कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आतला पापुद्रा कडक दोरीसारखा होत जातो. चुना निकोटीन लवकर रक्तात उतरवतो, म्हणून तलफ लवकर भागते आणि लवकर परत येते. तंबाखूतली नायट्रोसमाइन्स पेशींतल्या जनुकांवर घाव घालतात. गाल असा कडक होण्याची सुरुवात कशी होते ते मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं: आधी रश्श्याचं तिखट झोंबायला लागतं. नेहमीचंच जेवण, पण तोंडाची आग होते. मग जबडा उघडेनासा होतो. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील, तर दंतवैद्याकडे जायची वेळ झाली. तेव्हा "दात दुखत नाही, मग काय दाखवू" असं म्हणू नये.

घराणं आणि सवय वेगळी कशी काढायची, याचं चांगलं उदाहरण मुंबईत सापडतं. पारशी समाज पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्न करणारा, म्हणजे घराण्याचा दोष दिसायचा तर इथेच. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या कर्करोग नोंदणीतून पारशी आणि बाकीच्या मुंबईकरांची तुलना 1970 मध्ये मांडली. पारशांमध्ये तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर कमी, स्तनाचे जास्त. अग्नीला पवित्र मानणाऱ्या या समाजात बिडी-सिगारेट निषिद्ध, त्यामुळे पहिल्याचं कोडं फारसं उरत नाही. स्तनाच्या कॅन्सरमागे मात्र उशिरा लग्न, कमी मुलं आणि थोडी आनुवंशिकता, असं सगळंच मिसळलेलं असू शकतं. एकाच समाजात दोन कॅन्सर, दोन वेगळे हिशेब.

"आमचा आजा ऐंशी वर्षं बिडी ओढत होता, काही झालं नाही." असे आजे असतात. विषारी द्रव्यं निचरण्याची ताकद माणसागणिक वेगळी असते, त्यात जनुकांचा वाटा आहेच. पण आपल्याला आज्याचीच ताकद मिळाली, हे ओळखायचं कसं? स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या 44,788 जुळ्या जोड्यांचा अभ्यास 2000 मध्ये आला. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला कॅन्सर झाला तर दुसऱ्याला तोच होईल असं बहुतेक वेळा घडलं नाही. आणि बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हे भंडाऱ्यात तरी कुणी सांगू नये. तेंदूपानाची बिडी विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते, त्यामुळे तंबाखू कमी असूनही छातीत धूर भरपूर जातो.

कॅन्सरसाठी चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणींकडे बोट दाखवणारेही आहेत. मँगनीजची धूळ घातक आहे, पण तिचा मार मुख्यतः मेंदूवर आणि नसांवर पडतो.

आता उलटी चूक. "आपल्या घरात कुणाला नाही, म्हणजे आपण सुटलो" किंवा "स्तनाचा कॅन्सर आईकडूनच येतो." स्तनाचा कॅन्सर झालेल्या बहुतेक बायकांच्या घरात आधी तो कुणालाच नसतो. आणि ज्या थोड्या घरांत ब्राका-1, ब्राका-2 ही जनुकं (1994 आणि 1995 मध्ये सापडलेली) सदोष असतात, तिथे ती बापाकडूनही येतात, दर मुला-मुलीला निम्मी शक्यता. ब्राका-1 सदोष असलेल्या बाईला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका साठ टक्क्यांच्या वर जातो. पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, एकाच घरात स्तन आणि बीजकोश दोन्हींचा, किंवा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर दिसला, तर तपासणी हवी. आणि ती आधी रुग्णाची, मग नात्यातल्यांची. लेकीचं लग्न मोडेल म्हणून लोक हे लपवतात. भीती समजते, पण त्या लपवण्यात त्याच लेकीची तपासणी राहून जाते. शिवाय दोष सापडला तर उपचारही बदलतो: ओलापॅरिबसारखं औषध अशा गाठींवर काम करतं.

"सुई लावली की पसरतो" हा समज मला सगळ्यांत महागडा वाटतो. बायॉप्सीच्या तुकड्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो वाट पाहण्यात गेलेल्या महिन्यांत. बपेऱ्याहून नागपूर शंभर किलोमीटरच्या वर. शेत, भाडं, सोबतीला माणूस, असं करत जखम भरेल म्हणून माणूस थांबतो. तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम तुमसरच्या सरकारी दवाखान्यात दाखवायला मात्र नागपूर गाठावं लागत नाही.

लवकर सापडण्याने किती फरक पडतो, हे धाराशिव जिल्ह्यातल्या गावांनी दाखवलंय. गर्भाशयमुखाचा कॅन्सर विषाणूमुळे होतो, घराण्यामुळे नाही. तिथल्या 1,31,746 बायकांच्या चाचणीचा निकाल 2009 मध्ये आला. त्यातल्या गटांपैकी एकाची विषाणूची तपासणी फक्त एकदा झाली, दुसऱ्या एका गटाला नेहमीचाच दवाखाना. या दोन्ही गटांत प्रत्येकी तीस हजारांहून जास्त बायका. आठ वर्षांत पहिल्या गटात या कॅन्सरने 34 गेल्या, दुसऱ्यात 64.