पिकअपचा एक्सल आणि कापलेला पगार

मंडळी, आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलेला माणूस पिकअपच्या मागच्या एक्सलवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांना हसू आलं. येऊ द्या. आमचा एक जुना विद्यार्थी नांदेडला असतो, त्याच्या दोन पिकअप आहेत. सोयाबीन, हरभरा भरून लातूरच्या आडत बाजारात नेतो. परतीला डाळ, पेंड, जे मिळेल ते भाडं. एका गाडीवर त्यानं ड्रायव्हर ठेवला होता. त्या पोराचा पगार तीन महिने कापला जात होता, कारण तो डिझेल विकतो असा मालकाचा पक्का समज झाला होता. वही आमच्यापुढे आली म्हणून आम्ही या भानगडीत पडलो.

आधी गाडी समजून घेऊ. इंजिनाची गती गिअरबॉक्समधून, लांब शाफ्टवाटे मागच्या एक्सलपर्यंत येते. तिथे पिनियन नावाचं लहान दातेरी चाक क्राउन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवतं. क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला १० असतील, तर शाफ्टचे ४.१० फेरे झाले की मागच्या चाकाचा एक फेरा होतो. पिनियन ११ दात्यांचं असेल तर ३.७३ फेऱ्यांत तेच काम. (बदलायची तर पुरी जोडीच बदलावी लागते. नुसतं पिनियन बदललं तर दात्याला दाता बसत नाही.) आमच्या विद्यार्थ्यानं गॅरेजवाल्याच्या सल्ल्यानं ४.१० ची जोडी काढून ३.७३ ची बसवली होती. ॲव्हरेज वाढेल, एवढाच हेतू.

आता थोडं गणित. टायरचा घेर २.२ मीटर धरा. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६०६ फेरे घेतं. गिअरबॉक्स डायरेक्ट गिअरमध्ये असेल, तर जुन्या जोडीत इंजिन सुमारे २,४८५ फेरे घेईल, नव्या जोडीत २,२६०. फेरे नऊ टक्के कमी. मग डिझेलही नऊ टक्के कमी लागणार का? नाही. गाडीला हवा मागे रेटते, टायर रस्त्यावर दबतात, त्यासाठी लागणारं काम तेवढंच राहतं. वाचतं ते इंजिनाच्या आतल्या घर्षणातलं: पिस्टन, बेअरिंग, पंप यांना हलवण्यात जे डिझेल जातं, त्यातलं थोडं. हवेचं म्हणाल, तर ८० ऐवजी ६० नं चालवलं की हवेचा रेटा जवळजवळ ४४ टक्क्यांनी उतरतो. त्याला गॅरेजचा खर्च नाही. पण ६० नं चालवा म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात.

बरं, वहीत काय होतं? जोडी बदलण्याआधी लिटरला १३ किलोमीटर. बदलल्यावर सव्वाबारा. वाढायचं ते घटलं, म्हणजे पोरगा डिझेल काढतो! पोरगा म्हणायचा, "सर, एक थेंब बी विकला नाही मी." भाडं रोज वेगळ्या गावाचं, त्यामुळे खेपेवरून ताळा करता येईना. मालक सगळं मीटरवरून धरायचा.

आम्ही विचारलं, हे मीटर किलोमीटर मोजतं कशावरून? अशा बऱ्याच जुन्या गाड्यांत मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला जोडलेली असते. म्हणजे मीटर चाकाचे फेरे मोजतच नाही, शाफ्टचे मोजतं, आणि शाफ्टचे अमुक फेरे म्हणजे एक किलोमीटर हे कारखान्यात ४.१० धरून ठरलेलं. आता तेवढ्याच रस्त्याला शाफ्ट नऊ टक्के कमी फिरतो. मीटर इमानदारीनं कमी दाखवणार.

न्यायसूत्रांत तराजूचं उदाहरण आहे. तराजूनं सोनं तोलतो तेव्हा तराजू हे प्रमाण. पण तराजूवरच संशय आला, तर ज्याचं वजन ठाऊक आहे असं सोनं घालून तराजू तपासतो. तेव्हा तोच तराजू प्रमेय होतो. वर्गात चाळीस वर्षं हे उदाहरण दिलं. मुलं लिहून घ्यायची आणि आम्ही पुढे जायचो.

इथे सोनं म्हणजे रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड. एका रविवारी आम्ही तिघं नांदेडहून लोह्याच्या दिशेनं निघालो. ड्रायव्हर गाडी चालवतोय, मालक मधे अवघडून बसलेला, आम्ही खिडकीशी दगड मोजतोय. पन्नास दगड झाले तेव्हा मीटर साडेपंचेचाळीस दाखवत होतं. वहीतल्या सव्वाबाराला त्या हिशोबानं वाढवा, जवळपास साडेतेरा येतात. ॲव्हरेज घटलं नव्हतं, वाढलं होतं. आणि पोराचा पगार कापला जात होता तो त्या वाढलेल्या ॲव्हरेजपायी.

नव्यानं बसवली जाते ती जोडी उलट असती, म्हणजे ३.७३ काढून ४.१० घातली असती, तर मीटर जास्त धावलं असतं आणि डिझेल जास्त जळूनही ॲव्हरेज सुधारल्यासारखं दिसलं असतं. मालक खूश, गॅरेजवाला खूश. असं सुधारलेलं ॲव्हरेज सांगणारे आम्हाला पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही एकच विचारतो: दगड मोजले का?

नव्या गाड्यांत वेग बहुधा चाकाजवळच्या सेन्सरवरून घेतात. त्यांना ही अडचण येत नाही. चढाची मात्र सगळ्यांनाच येते. जोडी ३.७३ ची झाली की प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर नऊ टक्क्यांनी उतरतो. कंधारकडच्या चढांवर भरलेली गाडी उठवताना क्लच घसरवावा लागायचा, आणि एका पावसाळ्यात क्लच प्लेट जळालीच. डिझेलमधून वाचलेलं बरंच तिथे गेलं. शेवटी मालकानं जुनी जोडी परत बसवली.

कापलेले पैसे त्यानं गाडीतच मोजून पोराच्या हातात ठेवले. पोरानं घेतले. महिना भरला आणि तो दुसऱ्या मालकाच्या गाडीवर गेला.